एक करकोचा आणि एक प्रश्नचिन्ह

‘वीकेंडला काय प्लॅन?’ या प्रश्नाला आमच्या ऑफिसात तीनच उत्तरं असतात. लोणावळा, मॉल, नाहीतर झोप. त्यामुळे गेल्या जानेवारीत ‘मी बदकं मोजायला चाललेय’ असं सांगितलं, तेव्हा आधी शांतता पसरली आणि मग हशा. ‘‘एका बदकाचे किती मिळतात गं?’’ हा त्यातल्या त्यात बरा प्रश्न होता.

मिळत काहीच नाही. उलट जातात. पुणे-बेळगाव रात्रीची बस, बेळगावहून चंदगडची एसटी, परतीचा तोच द्राविडी प्राणायाम आणि सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवायची कसरत. पण फोन मामांचा होता.

‘‘येतेस का? गणना आहे. यंदा मला एकट्याला जमेलसं वाटत नाही.’’

माझे मामा चंदगडला हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण दर जानेवारीत गळ्यात दुर्बीण अडकवून धरणाच्या काठावर जायचा नेम त्यांनी मोडला नव्हता. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ज्या माणसानं आयुष्यात कुणाकडे मदत मागितली नाही, तो ‘जमेलसं वाटत नाही’ म्हणतो, तेव्हा लोणावळा रद्द होतो. झालाच.

गणना म्हणजे काय रे भाऊ?

आशियाई पाणपक्षी गणना. १९८७ पासून दर जानेवारीत होते. आशियातल्या वेगवेगळ्या देशांत, साधारण एकाच सुमाराला, लोक आपापल्या जवळच्या तळ्यावर, धरणावर, खाडीवर जातात आणि दिसतील ते पाणपक्षी मोजतात. बस्स, एवढंच. ‘वेटलँड्स इंटरनॅशनल’ ही संस्था ते सगळं एकत्र करते आणि आपल्याकडे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे सलीम अलींची बीएनएचएस, त्यात आहे. मोजणारे बहुतेक तुमच्या-माझ्यासारखेच. शिक्षक, डॉक्टर, बँकेतले, कॉलेजची मुलं. पगार शून्य, बॉस नाही, अप्रेझल नाही.

त्यातून होतं काय? तर २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. त्यात ९४२ जातींचा हिशेब मांडला होता आणि १७८ जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं असं म्हटलं होतं. हा सगळा डोलारा कशावर उभा होता? तीस हजारांवर हौशी लोकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर! म्हणजे आपण सकाळी उठून वहीत लिहिलेला एक आकडा कुठेतरी पोचतो. पण मग तो आकडा खरा असायला हवा. हे वाक्य तेव्हा मला फारच सोपं वाटलं होतं.

कोल्हापूरचं टोक

पक्षी बघायचे म्हटलं की पुण्याची पब्लिक गाडी काढते ती भिगवणला. उजनीच्या पाण्यावरचे रोहित, होडी, फोटो, मासळीचं जेवण, संध्याकाळी घरी. चंदगड कुणाच्या यादीत नसतं. कोल्हापूर जिल्ह्याच्या नकाशावर दक्षिणेकडे बोट सरकवत नेलं की सगळ्यात खाली जो तालुका येतो तो हा. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला सिंधुदुर्ग आणि घाट उतरलं की गोव्याची वाट. त्यामुळे इथली भाषाही तिन्हीकडचा मसाला घालून केलेली. मराठी, पण तिला कोकणीची फोडणी आणि कानडीचा हेल. बाजारात उभं राहून नुसतं ऐकत राहावं.

इथे पाऊस म्हणजे कोसळतो. गंमत अशी की सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या त्याच पावसाची इथे वाटणी होते. तिलारीच्या बाजूला पडलेलं पाणी गोव्यातून अरबी समुद्राला मिळतं. आणि इकडे ताम्रपर्णी, घटप्रभेत उतरलेलं पाणी कर्नाटकातून कृष्णेला आणि पार बंगालच्या उपसागराला. एका डोंगरावरचे दोन थेंब, दोन समुद्र!

शनिवारी दुपारी पोचले. मामींनी नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि वर ओल्या नारळाची चटणी असं वाढलं. (डाएट पुण्यात ठेवून आले होते.) संध्याकाळी रवळनाथाच्या देवळापर्यंत चक्कर मारली. गावात काजूवर प्रक्रिया करणारे छोटे-मोठे कारखाने बरेच आहेत. भाजलेल्या काजूचा वास असलेलं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

रात्री मामांनी वह्या काढल्या. शाळेच्या दोनशे पानी वह्या, दर जानेवारीची एक नोंद. तारीख, वेळ, हवा, पाण्याची पातळी, पक्ष्याचं नाव, संख्या. अक्षर फळ्यावरच्यासारखं. मी चाळत होते आणि २००६ च्या पानावर थबकले. सगळ्या नावांच्या खाली एक ओळ होती :

काळा करकोचा – १ (?)

‘‘हे प्रश्नचिन्ह कशाला?’’

‘‘खात्री नव्हती म्हणून,’’ मामा म्हणाले आणि वही मिटली.

उरलेलं मामींनी सांगितलं. त्या सकाळी दाट धुकं होतं. मामा एकटे होते. मोठा काळा पक्षी, पाठमोरा, दोन-तीन मिनिटं दिसला आणि धुक्यात उडून गेला. मामांना मनातून वाटत होतं की तोच. पण इथे कांडेसरही असतो. तोही करकोचाच. अंग तसंच काळं तुकतुकीत, पायही तसेच लाल. फरक मानेत. कांडेसराची मान पांढरीशुभ्र, लोकर गुंडाळल्यासारखी. काळ्या करकोच्याची मान काळी. मामांना मान दिसलीच नव्हती. ‘‘त्यानंतर दरवर्षी त्याच काठाला जातात,’’ मामी म्हणाल्या. ‘‘तोंडानं कधी बोलायचे नाहीत, पण शोधतात तोच.’’

सव्वा टीएमसीचं जग

पहाटे निघालो. स्कूटर मी चालवत होते आणि मामा मागे दुर्बीण, वही आणि थर्मास सांभाळत. आमचं ठिकाण जंगमहट्टीचं धरण. कोयनेचा साठा १०५ टीएमसी; जंगमहट्टीचा जेमतेम सव्वा. पेपरात पावसाळ्यात धरणांचा तक्ता येतो ना, त्यात अगदी शेवटी ज्यांची नावं असतात, त्यातलं हे एक. कोल्हापूरकर राधानगरीचा आकडा बघतात आणि पान उलटतात.

पण लहान धरणाची एक खुबी असते. पावसाळ्यात ते काठोकाठ भरतं तेव्हा पाणी खोल असतं आणि लांब पायांच्या पक्ष्यांना तिथे उभं राहायला जागाच नसते. मग हिवाळ्यात शेतीसाठी आवर्तनं सुटायला लागतात. पाणी मागे सरकतं, काठाला चिखल उघडा पडतो, खळग्यांत डबकी उरतात आणि डबक्यांत मासे अडकतात. म्हणजे खाली ऊस आणि रताळ्यांना पाणी मिळालं की वर पक्ष्यांचं ताट वाढलं जातं. ‘‘पाटबंधाऱ्याचं वेळापत्रक ह्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं,’’ मामा म्हणाले.

पोचलो तेव्हा पाणी दिसतच नव्हतं. नुसतं धुकं. धुक्याच्या आतून आवाज मात्र येत होते. टिटवीची टिव टिव, अडई बदकांची शीळ, कुठेतरी पाण्यावर पंखांची फडफड. मी जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली. मामा मफलर गुंडाळून दगडावर बसले. त्यांनी मला पेन दिलं नाही. वही-पेन त्यांच्याकडे, दुर्बीण माझ्याकडे.

‘‘नियम एकच,’’ ते म्हणाले. ‘‘दिसतं ते सांगायचं. वाटतं ते सांगायचं नाही.’’

धुकं हळूहळू उचललं गेलं आणि समोर एकेक पात्र प्रवेश करायला लागलं. आधी हळदी-कुंकू बदकं. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन टिपके. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी! मग बुडून वाळलेल्या झाडावर पंख पसरून बसलेले पाणकावळे. गुलाबी काड्यांसारख्या पायांचे शेकाटे. चिखलात शेपटी वरखाली करणारे तुतवार. पाण्यावर घिरट्या घालणारे नदी सुरय. हा सुरय दिसायला इतका डौलदार आणि आपल्याकडे तसा ओळखीचा, पण २०२० मध्ये त्याची नोंद जगातल्या संकटग्रस्त पक्ष्यांत झाली. नदीतल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो बिचारा. बेटंच राहिली नाहीत, तर जाणार कुठे?

‘‘नदी सुरय?’’

‘‘सहा.’’

‘‘परत मोज.’’

‘‘...पाच. एक पाकोळी होती.’’

मामा हसले आणि पाच लिहिलं.

एवढ्यात मागून म्हशी घेऊन एक आजोबा आले. ‘‘काय बघालायसा सर?’’ मामांच्या ओळखीचे होते. ‘‘पक्षी मोजतोय,’’ मामा म्हणाले. आजोबांनी पाण्याकडे नजर टाकली. ‘‘मोजा मोजा. सांजच्याला परत जाऊ नका तिकडनं. गवा उतरतोय पाण्यावर.’’ एवढं बोलून म्हशींसकट ते धुक्यात गडप झाले. इथे हा सल्ला गंमत म्हणून दिला जात नाही. २००२ पासून तर कर्नाटकातून आलेले हत्तीही या पट्ट्यात वावरतात. चंदगड परिसरातल्या सुमारे सव्वादोनशे चौरस किलोमीटर जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं मंजुरी दिली, ती उगाच नव्हे.

मान कुठाय?

साडेआठच्या सुमाराला मी दुर्बीण पलीकडच्या काठावर फिरवत होते. एक वाळलेला बुंधा, त्यामागे डबकं. आणि बुंध्याच्या आड काहीतरी मोठं. काळं.

माझ्या छातीत धडधडायला लागलं.

‘‘मामा...’’

‘‘नाव सांगू नकोस. काय दिसतंय ते सांग.’’

‘‘मोठा आहे. बगळ्याहून बराच मोठा. पाठ काळी. नाही, नुसती काळी नाही... हिरवट-जांभळी झाक आहे. पाय लाल. एका पायावर उभा आहे.’’

‘‘पोट?’’

‘‘खाली पांढरं दिसतंय थोडं.’’

मामा क्षणभर काही बोलले नाहीत. मग अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, ‘‘मान?’’

मान बुंध्याच्या मागे होती. चोचही. मला दिसत होता तो फक्त मागचा अर्धा पक्षी. मी दुर्बीण मामांना दिली. त्यांनी चांगला डोळा लावून बराच वेळ पाहिलं आणि परत केली. ‘‘मला नुसता डाग दिसतोय. तूच बघ.’’

खरं सांगू? त्या क्षणी ‘काळी’ म्हणायला माझं काहीही जात नव्हतं. समोरचा माणूस वीसेक वर्षं या एका शब्दासाठी या काठावर येतोय. पुढच्या जानेवारीत त्याला किती दिसेल, माहीत नाही. पक्षी कोणत्याही क्षणी उडेल. आणि मला आतून जवळजवळ खात्री होती. ऑफिसात आम्ही ‘जवळजवळ खात्री’वर क्लायंटला अख्खी प्रेझेंटेशन्स देतो! एक शब्द फक्त. कोण तपासणार होतं?

‘‘मान दिसत नाहीये मामा,’’ मी म्हटलं.

‘‘मग थांबू,’’ ते म्हणाले. आणि थर्मासमधून दोन कप चहा ओतला.

आम्ही थांबलो. दहा मिनिटं. वीस. चहा संपला. पक्षी हलेना. माझे हात गारठले, मान आखडली, मोबाइलवर ऑफिसच्या ग्रुपचे मेसेज टुणटुणत राहिले. मामा काहीच विचारत नव्हते. मध्येच त्यांनी सांगितलं की हा पक्षी माणसाला फार बुजतो. आपल्या गावातल्या बगळ्यासारखा म्हशीच्या पाठीवर बसणारा नव्हे. त्याचा जन्म लांब उत्तरेकडच्या जंगलातला. युरोपपासून सायबेरियापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या झाडांवर किंवा कड्यांवर घरटी करतो आणि थंडीत त्यातले काही आपल्याकडे उतरतात. जगाच्या हिशेबात तो नामशेष व्हायला टेकलेला नाही. पण आपल्या भागात एखाददुसराच येतो, तोही शांत, उथळ पाणी बघून. ‘‘हा असेलच तो, असं म्हणत नाही मी,’’ त्यांनी घाईघाईनं जोडलं.

पाऊण तास झाला असेल. ऊन बुंध्यापर्यंत पोचलं. पक्ष्यानं दुसरा पाय खाली टेकला, एक पाऊल पुढे टाकलं, आणि डबक्यात वाकायच्या आधी मान सरळ वर केली.

काळी. गळ्यापासून छातीपर्यंत काळी, उन्हात तांब्या-हिरव्या रंगानं चमकणारी. आणि पुढे लालभडक, लांब, सरळ चोच.

‘‘काळी! मामा, काळी! चोच लाल आहे! डोळ्याभोवतीही लाल!’’

‘‘हळू बोल,’’ मामा म्हणाले. पण त्यांचा स्वतःचा आवाज थरथरत होता.

मी कॅमेरा काढला. पहिले चार फोटो हललेले. पाचवा बरा आला. मग त्यानं एक मासा पकडला, वर उडवून गिळला, आणि जणू काम झालं अशा थाटात पंख पसरले. बगळा उडताना मान दुमडून घेतो. करकोचा ती बाणासारखी पुढे ताणतो. आमच्या डोक्याच्या जरा बाजूनं तो गेला. वरून सगळा काळा, खालून पांढरं पोट. मामांनी मफलर खाली ओढून वर पाहिलं. एवढ्या जवळून, निळ्या आकाशावर, तो त्यांनाही दिसला असावा. मी विचारलं नाही. ते बराच वेळ तसेच वर बघत राहिले, पक्षी टेकडीपलीकडे गेल्यावरही.

वहीतली ओळ

घरी येऊन यादी मोबाइलवरच्या ‘ई-बर्ड’मध्ये भरली. काळ्या करकोच्यापुढे १ टाकला, तसा ॲपनं ताबडतोब तपशील मागितला. नेहमी न दिसणारा पक्षी नोंदवलात की ते खुलासा मागतं आणि नंतर जाणकार ती नोंद तपासतात. मी फोटो जोडला आणि लिहिलं : मान आणि छाती काळी, चोच लाल, पोट पांढरं, उडताना मान ताणलेली. ‘दिसतं ते.’

मग मी २००६ ची वही उघडली. हातात खोडरबर नव्हतं, पेन होतं. ‘‘मामा, आता हे प्रश्नचिन्ह काढू या. त्याच काठाला होता, तसाच होता. तोच असणार की!’’

मामांनी वही माझ्या हातातून घेतली.

‘‘आज मान दिसली, म्हणून आजची नोंद पक्की. तेव्हा दिसली नव्हती. ती काही आज दिसलेली नाही.’’

‘‘पण तुम्हाला तर वाटतंय ना, तोच होता म्हणून?’’

‘‘वाटतंय की!’’ मामा हसले. ‘‘वाटतं त्यालाच प्रश्नचिन्ह म्हणतात.’’

त्यांनी यंदाचं पान काढलं. नावांच्या खाली, त्याच फळ्यावरच्या अक्षरात, लिहिलं : काळा करकोचा – १. पुढे कंस नाही. मग वरच्या कोपऱ्यात, जिथे दरवर्षी ‘निरीक्षक’ म्हणून त्यांचं नाव असायचं, तिथे माझं नाव लिहिलं. आणि त्याखाली, ‘लेखनिक’ म्हणून स्वतःचं.

सोमवारी सकाळी मीटिंगमध्ये मी पेंगत होते. टीम लीडनं विचारलं, ‘‘हे मॉड्यूल शुक्रवारपर्यंत होईल ना? आर यू शुअर?’’ एरवी मी डोळे झाकून ‘हो’ म्हटलं असतं. त्या दिवशी म्हटलं, ‘‘अजून मान दिसलेली नाही.’’ कुणाला काही कळलं नाही. पण शुक्रवार मी कबूल केला नाही, एवढं खरं.

मामांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आता ठरतंय. पुढच्या जानेवारीत दुर्बीण कुणाकडे आणि वही कुणाकडे, यावर आमची आत्तापासून भांडणं सुरू आहेत.

जायचं असेल तर...

कधी : पाणपक्ष्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत गेलात तर गणनेत हातभार लावता येईल. नवशिक्यांसाठी ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताहही मस्त निमित्त. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना येतात. महाराष्ट्र सरकारनं २०२० पासून तो सुरू केला.

कसं : सोयीचं रेल्वे स्टेशन बेळगाव. तिथून चंदगडला एसटी मिळते. स्वतःची गाडी असेल तर कोल्हापूरहून गडहिंग्लजमार्गेही येता येतं. धरणाच्या काठाला जाण्यासाठी मात्र स्वतःचं वाहन किंवा गावातला ओळखीचा माणूस हवाच.

काय न्याल : दुर्बीण, वही, पेन, गरम कपडे, थर्मास. कपडे मातकट रंगाचे. लाल जॅकेट मॉलसाठी राखून ठेवा.

काय टाळाल : मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं, ड्रोन उडवणं, फोटोसाठी पक्षी उडवणं. संध्याकाळनंतर काठाला रेंगाळू नका. गव्याला तुमचा वीकेंड माहीत नसतो.

जोडून काय : एक दिवस जास्तीचा असेल तर पारगड, रायबा मालुसऱ्यांच्या किल्लेदारीचा म्हणून ओळखला जाणारा किल्ला. नाहीतर तिलारीचा घाट. आणि परतताना काजू! ते मात्र कितीही मोजा, कमीच पडतात.